स्लोला बंद पडणारी गाडी

गाडी बंद पडली की मी आधी मागे वळून सॉरी म्हणायचे. मागे माझे यजमान बसलेले असायचे, आणि त्यांच्या मागे लोखंडी कॅरिअरला बांधलेलं ठिबकच्या नळीचं भेंडोळं. मेहरूण तलावाकडून आमच्या दुकानाकडे वळताना एक स्पीडब्रेकर लागतो. तिथे मी क्लच दाबून गिअर पाडला, गाडी हळू केली, की इंजिन लंगडल्यासारखं करायचं, दोन झटके द्यायचं आणि गप्प व्हायचं. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवायचे. मी पायाने जमीन चाचपत, ओढणी सावरत किक शोधायचे. तोवर आजूबाजूच्यांनी बघून घेतलेलं असायचं. लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग यांच्याकडे. यांच्याकडे जरा जास्त वेळ बघायचे.

"क्लच हळू सोड," हे मागून म्हणायचे. आवाज न चढवता, समोर बघत. मला वाटायचं, चढवला असता तर बरं झालं असतं.

आमच्या घरात गाडी मी चालवायची याला कारण होतं, आणि ते आम्ही कुणाला सांगत नव्हतो.

आमचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. नळ्या, फिल्टर, वॉल्व्ह, कोपरे, टोप्या. एका दुपारी यजमान गिऱ्हाइकासाठी नळी मापून ठेवत होते. मी काउंटरवर बिलं लावत होते. नळी खाली पडल्याचा आवाज आला म्हणून मी वळले, तर त्यांचा एक हात ताठ झाला होता, मान एकीकडे ओढली गेली होती, आणि ते भेंडोळ्यांच्या मधल्या जागेत आडवे झाले. तोंडातून फेस येत होता. मी धावले, पण त्यांच्याकडे नाही. आधी दाराकडे जाऊन शटर अर्धं खाली ओढलं. मग त्यांच्याजवळ आले. असं का केलं, मला सांगता येत नाही. विचार केला नव्हता, हात आपोआप शटरकडे गेले.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गोळी चुकवायची नाही. गाडी चालवायची नाही, मी सांगेपर्यंत." मी विचारलं, मागे बसले तर चालेल का. ते म्हणाले, हेल्मेट घालून, जवळच्या जवळ, आणि फिट आली नाही तर.

सासूबाई गावाहून आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोनाले सांगू नका बाप्पा. फिटचं नाव घेतलं की लोकं दुकानाची पायरी चढत नाहीत." आम्हाला ते पटलं. पटलं नसतं तरी आम्ही सांगितलं नसतंच. मग ठरलं, की खांदा दुखतो म्हणायचं. कुणी विचारलं की यजमान खांद्यावर हात ठेवायचे. पण कोणता खांदा, हे आम्ही ठरवलं नव्हतं. एकदा ते डावा धरून बोलत होते, आणि मी शेजारी उभी राहून उजव्या खांद्याचा एक्स-रे काढल्याचं सांगत होते. समोरचा माणूस भला, त्याने नुसती मान डोलावली.

स्कूटी का घेतली नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. आम्हाला शेतांवर जावं लागतं. कुणाची लाइन चोंदलेली, कुणाला फिल्टर बसवून हवा असतो. काळ्या मातीतल्या गाडरस्त्यावर लहान चाकाची गाडी रुतते, आणि नळ्यांचं कॅरिअर या मोटारसायकललाच जोडलेलं होतं. गाडी जुनी, लग्नानंतर काही वर्षांनी घेतलेली. तिची किक मऊ झाली होती, टाकीचा रंग गुडघे घासून गेला होता. यजमान तिला विकायचं नाव काढू देत नव्हते. मी म्हटलं, मग मीच शिकते. त्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "शिकवतो ना," म्हणाले.

सकाळी तलावाच्या कडेच्या रस्त्यावर आम्ही जायचो. त्यांनी फार नीट शिकवलं. क्लच दाबला की रेस सोडायची. थांबताना मूठ पूर्ण सैल. निघताना क्लच सोडत सोडत थोडी रेस. मी तसंच करायचे. गाडी वेगात असली की छान पळायची, वाऱ्याने ओढणी उडायची, मला वाटायचं जमलं. मग वळायला म्हणून हळू केली की झटके, झटके, बंद. फिरायला येणारे पेन्शनर लोक थांबून बघायचे. त्यातले एक काका रोज सांगायचे, "वहिनी, घाई नका करू." मी घाई करत नव्हते.

आईला फोनवर सांगावंच लागलं. माझं माहेर पिंपळनेरकडचं. आई अहिराणीतच बोलते. ती म्हणाली, "तू गाडी चालावस, आनि जावाईबापू मांगे बठतस? लोके काय म्हनतीन?"

"त्यासना खांदा दुखस, माय," मी म्हटलं. आईशीही खोटंच.

लायसन्सच्या परीक्षेला मैदानात आठचा आकडा काढायचा होता, पाय न टेकता, हळू. पहिल्या वळणावरच गाडी बंद पडली. साहेब म्हणाले, पुन्हा या. रांगेतल्या पोरी स्कूटीवरून सर्रकन आठ काढून जात होत्या. यजमान झाडाखाली उभे होते. मी गाडी ढकलत त्यांच्यापर्यंत नेली. त्यांनी हेल्मेट माझ्या हातातून घेतलं आणि पुसू लागले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

दुसऱ्या वेळी आमच्या शेजारच्या दुकानदाराने त्याची नवी मोटारसायकल दिली. तिच्यावर मी आठ काढला, पाय टेकला नाही, गाडी बंद पडली नाही. पास झाले. मी आनंदात म्हटलं, "बघा, जमलं की." हे म्हणाले, "नवी गाडी आहे ना. तिचा क्लच मऊ असतो." मलाही ते खरं वाटलं. त्या गोष्टीतून जे समजायला हवं होतं, ते आम्हा दोघांनाही समजलं नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. मेकॅनिकने प्लग काढून घासला, गाडी घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत जोरात गेला, जोरात आला. "गाडी फस्ट क्लास आहे," तो यांना म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "वहिनी, हाताला सवय होऊ द्या." स्क्रू फिरवून त्याने स्लो, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग, थोडा वाढवून दिला. काही दिवस गाडी उभ्या उभ्या ओरडत राहायची, पेट्रोल प्यायची. यजमानांनी स्क्रू परत फिरवला. पुन्हा पहिल्यासारखं.

मी हात सुधारायला लागले. रिकामी असले की डाव्या हाताची मूठ हळूहळू उघडायचे. पोळ्या लाटताना, टीव्ही बघताना. तळव्याला घट्टा पडला होता. मला खरंच वाटत होतं, की माझ्या हाताला ती नजाकत नाही.

नशिराबादच्या पुढे, भादलीकडच्या शिवारात, आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत. केळीवाले. वयाने मोठे, त्यांना सगळे आबा म्हणतात, आम्हीही. त्यांच्या बागेत फिल्टर बसवायला गेलो होतो. मी गाडी गाडरस्त्यावरून हळू हळू नेत होते, दोन्ही बाजूंना केळीची पानं हेल्मेटला लागत होती, आणि आबांच्या खळ्यासमोर, जिथे मजूर बसून भाकरी खात होते, तिथेच ती बंद पडली. आम्ही दोघं जवळजवळ पडलोच. मजुरांतल्या बायका हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावला.

आबांनी यांना विचारलं, "काय हो, गाडी बाईच्या हाती कशी?"

यजमानांनी खांद्यावर हात ठेवला. या वेळी उजव्या.

"असं का," आबा म्हणाले. "या इकडे." त्यांनी घरात सांगून तेल कोमट करून आणवलं, यांना खाटेवर बसवलं आणि शर्ट काढायला लावला. यजमान नको नको म्हणत होते. आबांनी ऐकलं नाही. आपल्या जाड बोटांनी त्यांनी खांदा चोळायला सुरुवात केली. "हितं दुखते?" "हो." "अन् हितं?" "थोडं." मी फिल्टरचे नट आवळत बसले होते. मान वर केली नाही. न दुखणारा खांदा, त्यावर म्हाताऱ्या माणसाचे हात, आणि यजमान "हो, हो, तिथेच" म्हणत होते. निघताना आबांनी उरलेलं तेल बाटलीत भरून दिलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी आले की परत चोळू. परत आल्यावर आम्ही ती बाटली देवघराच्या फडताळात ठेवली. टाकवत नव्हती आणि वापरायची कशाला.

त्यानंतर एका सकाळी यजमान आंघोळीला गेले असताना मी गाडी मागच्या अंगणात मोठ्या स्टँडवर लावली. दुकानात जायच्या आधी ती गरम करून ठेवायचा माझा नेम होता. ती चालू करून चोक आत ढकलला, थोडी रेस देत तापवली. मग घरात दूध उतू जाईल म्हणून मी मूठ सोडली आणि आत गेले. ओट्यापाशी पोचले नाही तोच मागे इंजिनचा आवाज खालीवर झाला. भक, भक, भक. आणि बंद.

मी गॅस बारीक केला आणि परत आले. किक मारली. हात कमरेवर ठेवून उभी राहिले. क्लचला हात नाही, मुठीला हात नाही, गिअर न्यूट्रलमध्ये. आवाज वर गेला, खाली आला, अडखळला, बंद. परत किक. परत तेच.

गाडीवर कुणीही नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. इतके महिने मी ज्याची माफी मागत होते, ते माझं नव्हतंच. पण आतून बाथरूममधल्या बादलीचा आवाज येत होता, आणि मला तलावाकाठच्या सकाळी आठवल्या. क्लच कसा सोडायचा हे सांगताना त्यांचा आवाज कसा पूर्वीसारखा व्हायचा. फिट आल्यापासून दुकानातही मी त्यांना शिडीवर चढू देत नव्हते, कटर हातात घेऊ देत नव्हते. गाडी शिकवणं तेवढं त्यांच्याकडे उरलं होतं. आणि ते म्हणत होते, चूक तुझ्या हाताची आहे. आता मी जाऊन काय सांगायचं?

मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी स्पीडब्रेकरवर गाडी बंद पडली, आणि मी मागे वळून सॉरी म्हटलं. पहिल्यांदाच ते खोटं होतं. त्याची लाज आधीच्या सगळ्या लाजेपेक्षा निराळी होती. आधी मी स्वतःला कमी समजत होते. आता मला यांची कीव येत होती, आणि नवऱ्याची कीव करणं मला आवडत नव्हतं.

आबांकडे पुन्हा जायची वेळ आली. त्यांच्या ठिबकला खत द्यायची व्हेंच्युरी बसवायची होती. केळीला खत पाण्यातूनच द्यावं लागतं. पाणी अरुंद गळ्यातून जोरात गेलं की बाजूच्या बारीक नळीतून बादलीतलं खताचं पाणी आपोआप ओढलं जातं, एवढंच ते यंत्र. काम झालं, खांदा चोळून झाला, आणि निघताना गाडी बांधावरून उलटी फिरवायची होती. जागा अरुंद होती. मी प्रयत्न केला, बंद. परत केला, बंद.

"सोड माय, मी फिरवून देतो," आबा म्हणाले. ते गाडीवर बसले. धोतर वर खोचलं, किक मारली, पहिला गिअर टाकला, आणि बांधाच्या मधोमध गाडी गचके खाऊन बंद पडली. त्यांनी परत चालू केली. परत बंद. तिसऱ्यांदा त्यांनी जोरात रेस दिली, तेव्हा कुठे ती फिरली. उतरून त्यांनी टाकीवर थाप मारली.

"हे तुह्या हाताचं नाही माय. गाडीच बिघडेल हाये." मग यांच्याकडे वळून सहज विचारलं, "तुम्ही कशी चालवत व्हते हो?"

केळीच्या पानाची कड यजमानांनी हाताने फाडली आणि तो तुकडा बोटाला गुंडाळत राहिले.

येताना भादलीच्या फाटकापाशी थांबावं लागलं, तिथेही ती बंद पडली. मी सॉरी म्हटलं नाही, आणि मागून क्लचबद्दल काही आलं नाही. फाटक उघडेपर्यंत आम्ही दोघं रुळांकडे बघत बसलो.

घरी आल्यावर त्यांनी गाडी अंगणात मोठ्या स्टँडवर लावली आणि तिच्यावर बसले. फिट आल्यापासून पहिल्यांदा पुढच्या सीटवर. मी दारात उभी होते. त्यांनी किक मारली. गाडी चालू झाली आणि चालूच राहिली. आवाज जरा गुरगुरल्यासारखा, पण एकसारखा. ते माझ्याकडे बघू लागले. डोळ्यांत जिंकल्यासारखं काहीतरी होतं, आणि नको ते जिंकल्यासारखंही.

मी त्यांचा उजवा हात बघत होते. मूठ किंचित पिळलेली होती. फारच किंचित. मनगट असं सहज टेकलेलं, की त्यांना स्वतःलाही ते माहीत नसणार. आणि मला एकदम आठवलं, इतकी वर्षं सिग्नलला, फाटकाला, दवाखान्यासमोर मी यांच्या मागे बसलेली असायचे, तेव्हा गाडी नेहमी अशीच गुरगुरत उभी असायची. मला वाटायचं, हा माणूस उतावळा आहे.

"हात काढा," मी म्हटलं.

"कुठला?"

"मुठीवरचा. दोन्ही काढा."

त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले. इंजिनाचा आवाज खाली गेला, वर आला, अडखळला. भक, भक. बंद.

त्यांनी परत किक मारली, आणि त्यांचा हात आपोआप मुठीवर गेला. तो गेलेला त्यांनी स्वतः पाहिला. काढून घेतला. गाडी बंद पडली. मग ते तसेच बसून राहिले, टाकीवरच्या रंग गेलेल्या जागेकडे बघत.

"तुला शिकवताना मी म्हणायचो, मूठ पूर्ण सैल सोड," ते म्हणाले.

"हो."

"तू सोडायचीस."

"हो."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "मागेच," मी म्हटलं. "तुम्ही आंघोळीला गेला होता, तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

मी दाराची कडी उगीच खालीवर केली. का ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. कुणी त्यांना काही दिलं आणि ते घ्यावं लागलं, की त्यांचे कान असे लाल होतात. आबांच्या खाटेवरही झाले होते.

त्यानंतर आम्ही गाडीला लागलो. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. यजमान आधी शांत बसून विचार करू लागले. एखाद्या शेतकऱ्याने शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही म्हटलं की ते जसे बसतात, तसे. म्हणाले, वेगात चांगली चालते म्हणजे प्लग चांगला, पेट्रोल येतंय. स्लोलाच का बिघडते? गाडी तापलेली होती. त्यांनी मला अर्धा चोक ओढायला सांगितला. ओढला, तर इंजिन सुधारलं. भकभक कमी झाली.

"चोक म्हणजे हवा कमी," ते म्हणाले. "म्हणजे स्लोला हिला हवा जास्त होतेय. नाहीतर पेट्रोल कमी पडतंय."

कार्बोरेटर काढायला मला बसवलं. पाना मी चालवला, ते सांगत गेले. आतला स्लोचा बारीक जेट, पेट्रोल येतं ती पितळी नळी, काढून त्यांनी उजेडाकडे धरला. चोंदलेले ड्रिपर ते रोज साफ करतात, त्यामुळे बारीक भोकात काय अडकलं हे त्यांना डोळ्यांनी दिसतं. जेटमध्ये थोडा मळ होता. तांब्याच्या बारीक तारेने अलगद काढला, फुंकर मारली, सगळं परत जोडलं. आम्ही दोघंही खूश होतो. गाडी तापली, हात काढला, आणि ती बंद पडली.

मी पायरीवर बसले. हे हात पुसत उभे राहिले. दोघांचीही नखं काळी झाली होती. शेजारच्या गच्चीवरून एक बाई वाळवण उलटत आमच्याकडे बघत होती. यजमान तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्या वेळी मला वाटलं, पुरे. गॅरेजला देऊ. पण गॅरेजवाल्याने पुन्हा माझ्या हाताला नाव ठेवलं असतं, किंवा यांना विचारलं असतं की इतकी वर्षं कळलं कसं नाही.

जेवताना ते मध्येच थांबले. "काल आबांच्या व्हेंच्युरीला आधी खत ओढलं जात नव्हतं, आठवतं?"

आठवत होतं. बारीक नळीला बुडाशी चीर होती. खताऐवजी ती हवा ओढत होती. नळी बदलली आणि चालू झालं.

"कार्बोरेटर म्हणजे तरी काय," ते म्हणाले. "अरुंद गळ्यातून हवा जाते, पेट्रोल ओढलं जातं. मध्येच कुठून हवा शिरत असेल तर?"

ताट तसंच ठेवून ते उठले. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा एक रबरी जोड असतो, मनगटाएवढा. वरून तो धड दिसत होता. यांनी गाडी तापवली आणि मला तांब्यातून पाण्याची बारीक धार धरायला सांगितली, जोडाच्या वरच्या अंगाला. काही फरक नाही. "खालून," ते म्हणाले. मी ओणवी झाले, बोटांनी पाणी जोडाच्या खालच्या बाजूला मारलं. आणि आवाज एकदम बदलला. क्षणभर इंजिन सुरळीत, गोल आवाजात चाललं, मग पाणी ओढून घेतल्यासारखं घुसमटलं आणि पुन्हा लंगडायला लागलं. मी परत मारलं. परत तसंच. आम्ही एकमेकांकडे बघितलं. गच्चीवरची बाई अजून बघत होती. या वेळी यांनी पाठ फिरवली नाही.

जोड काढून यांनी बोटांत वाकवला. खालच्या बाजूला सुरकुतीसारख्या दिसणाऱ्या रेघा होत्या. वाकवल्यावर त्यातली एक रेघ उघडली, आरपार. गार असताना मिटलेली राहायची, तापलं की उघडायची. किती वर्षांची होती, कोण सांगणार. इतकी वर्षं त्यांच्या मनगटाने ती झाकून ठेवली होती.

बाजारातून नवा रबर आणला. बसवला. स्लोचा स्क्रू जुळवला. गाडी अंगणात उभी राहून टिकटिक चालत राहिली. कुणी हात न लावता. मी भाजी निवडून होईपर्यंत ती चालू होती. शेवटी यजमानच म्हणाले, "पेट्रोल जळतंय," आणि बंद केली.

मला वाटलं होतं, आता बरं होईल. स्पीडब्रेकरवरून मी सहज जाऊ लागले. मागून हॉर्न नाहीत. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. गाडी बंद पडायची तेव्हा लोक बंद पडलेल्या गाडीकडे बघायचे. आता बघण्यासारखे आम्ही दोघंच उरलो होतो. सिग्नलला आम्ही शांत उभे असायचो, आणि शेजारचा माणूस निवांतपणे आधी मला, मग मागे बसलेल्या यांना न्याहाळायचा. यजमान मोबाईल काढून बघत बसायचे. कधी कधी त्याची स्क्रीन बंदच असायची.

आबांकडे गेलो, तेव्हा त्यांनी गाडीचा आवाज लांबूनच ओळखला. "सुधरली की वो," म्हणाले. आणि तेल आणायला सांगितलं. यजमान खाटेवर बसले, शर्टाचं वरचं बटण काढलं, आणि थांबले.

"आबा, खांद्याला काही नाही," ते म्हणाले.

आबांचा हात तेलाच्या वाटीत होता.

"मला फिट येते. म्हणून गाडी चालवत नाही. खांदा कधी दुखलाच नाही."

मी खळ्याच्या कडेला उभी होते. हे सांगायचं असं आमचं ठरलं नव्हतं. आबांनी वाटीतून हात काढला, बोटांना लागलेलं तेल बघितलं, मग ते आपल्याच पोटरीला पुसलं.

"मंग मी इतके दिवस काय चोळत व्हतो?" ते म्हणाले. चिडून नाही. पण त्यांना लागलं होतं, हे दिसत होतं. यजमान "चुकलं माझं" म्हणाले. आबांनी तेलाची वाटी खाटेखाली सरकवली. मग त्यांनी विचारलं, "गोळ्या घेता?" "घेतो." "अन् हिच्या मांगं बसता, ते बरोबर हाये." मग वॉल्व्हचं बोलणं काढलं. चहा झाला. निरोप घेताना हे पाया पडायला वाकले, तेव्हा आबांनी नेहमीसारखं उठवलं नाही, पडू दिलं.

आबांनी कुणाला सांगितलं की नाही, माहीत नाही. पण शिवारात बातमी गेली. काही लोक पूर्वीसारखेच येत राहिले. एक-दोन जणांनी घरी यांच्यासाठी देवाचा अंगारा पाठवला. एक गिऱ्हाईक मात्र काउंटरवर पैसे मोजता मोजता मला म्हणालं, "तुम्ही दिवसभर दुकानातच असता ना?" यजमान मागे नळी मापत होते. त्यांना ऐकू गेलं. मी हो म्हटलं. तो माणूस सामान घेऊन गेला. पुढे आला नाही.

मला त्या माणसाचा राग आला, आणि घरी येईपर्यंत तो टिकला नाही. कारण मी स्वतः बँकेत जायला निघाले की पायरीवर थांबून एकदा आत बघते. भेंडोळ्यांच्या मधल्या जागेकडे. यजमान मान खाली घालून काम करत असतात. मी बघते हे त्यांना ठाऊक आहे. ते मान वर करत नाहीत, म्हणजे मला बघून घेता यावं. मग मी हेल्मेट घालते, गाडी चालू करते, आणि ती लगेच चालू होते.